धनी नाचायचा थांबतो तेव्हा

'नाच्या' हा शब्द आता बहुतेक वेळा कोणाला तरी हिणवायला वापरतात. शब्दाची घडण पाहिली तर त्यात हिणवण्यासारखं काही नाही. ढोलकी वाजवणारा ढोलक्या, सोंग आणणारा सोंगाड्या, तसा नाचणारा नाच्या. मराठीत हा '-या' लागला की माणसाचं काम कळतं. मात्र मैफलीत बसून वाजवणाऱ्याला 'तबलजी' म्हणायची रीत पडली आणि मातीत उभं राहून वाजवणारा 'ढोलक्या' राहिला. मान आणि अवमान असा प्रत्ययातच वाटला गेला. भंडारा जिल्ह्यातल्या दंडार आणि खडी गंमत या लोककलांत लुगडं नेसून, पायात चाळ बांधून रात्रभर नाचणारा पुरुष हा असा एक नाच्या. लोककलांवरच्या लिखाणात त्याची ओळख 'स्त्रीवेशातला पुरुष' एवढ्यावर आटोपते. तो नाच शिकतो कसा, किती वर्षं नाचतो, हे काम मुळात कामच कधी झालं, हे कोणी फारसं विचारत नाही. युरोपातल्या बॅले नर्तकाबद्दल हे तिन्ही प्रश्न तीनशे वर्षं विचारले गेले आहेत आणि त्यांची उत्तरं तारखांनिशी मिळतात. म्हणून ही कुळकथा बॅलेच्या कागदपत्रांचा कंदील हातात घेऊन भंडाऱ्याकडे येते. माझं म्हणणं असं आहे: आधी स्वतः नाचणारा धनी नाचायचा थांबतो आणि आपल्या जागी दुसऱ्याला पैसे देऊन उभा करतो, त्या क्षणी धंदेवाईक नर्तक जन्मतो. पॅरिसमध्ये हे एका राजाच्या हयातीत घडलं. वैनगंगेच्या खोऱ्यात ते फार सावकाश घडत आलं आणि अजून पुरतं घडलेलं नाही.

आधी पॅरिस, थोडक्यात. 'बॅले' हा शब्द इटालियन 'बाल्लेत्तो'वरून फ्रेंचमध्ये आला. मुळात त्याचा अर्थ छोटासा नाच, एवढाच. १५८१ साली फ्रान्सच्या दरबारात एका उमरावाच्या लग्नानिमित्त 'बॅले कोमिक द ला रेन' झाला, त्यात नाचणारे दरबारीच होते. १६५३ साली चौदा वर्षांचा राजा चौदावा लुई 'रात्रीचा बॅले' या खेळात उगवता सूर्य होऊन नाचला. १६६१मध्ये त्याने तेरा नृत्यशिक्षक नेमून नृत्याची शाही अकादमी काढली. इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो: राजा नाचत असतानाच अकादमी निघाली, मग धनी थांबल्यावर धंदा जन्मला असं कसं म्हणायचं? पण ती अकादमी दरबाऱ्यांचं नाचणं नीट व्हावं म्हणून होती. राजा १६७०च्या सुमारास रंगमंचावरून कायमचा उतरला, त्याच्या पाठोपाठ उमरावही उतरले, आणि १६६९मध्ये स्थापन झालेल्या ऑपेराच्या मंचावर पगारी माणसं नाचू लागली. त्या पगारी माणसांना घडवणारी ऑपेराची शाळा निघाली १७१३ साली, राजाने चाळ सोडल्याला चाळीसेक वर्षं होऊन गेल्यावर. ज्या बोशाँने राजाला नाच शिकवला, त्याच बोशाँच्या नावावर बॅलेतल्या पायांच्या पाच मूळ स्थिती सांगतात. नाच उमरावाच्या अंगातून उतरला आणि सुताराच्या, धोबिणीच्या पोरांच्या अंगात शिरला तो असा.

आता भंडारा. हा धानाचा मुलूख आहे. मृगाचा पाऊस झाला की पऱ्हे टाकायचे, ते वीत-दीड वीत झाले की उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवणी करायची, श्रावण संपता संपता रोवणीतून मोकळं व्हायचं, आणि दिवाळीच्या आगेमागे हलकं धान कापायचं. भारी धान त्यानंतर. पाडव्याला गायगोधन होतं, गोवारी ढाल घेऊन नाचतात, आणि तिथून पुढे गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे गावाची वार्षिक जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस बहुधा ठरलेला, त्यामुळे शेजारच्या गावांना एकमेकांकडे जाता येतं, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. याच मंडईत दंडार उभी राहते. दंडारीत नाचणारे, गाणारे, वाजवणारे गावचेच. पाहणारेही गावचेच, आणि पाहणाऱ्यांतले निम्मे स्वतः कधीतरी त्या फेरात नाचलेले. म्हणजे दंडारीतला धनी अजून स्वतः नाचतो आहे. लुई राजाच्या तरुणपणीच्या दरबारात आणि साकोली-लाखांदूरकडच्या एखाद्या मंडईत हे एक साम्य आहे: नाच पाहण्याचा अधिकार नाचून कमावलेला असतो.

दंडार या शब्दाचं मूळ 'दंड' म्हणजे काठी याच्याकडे नेण्याचा मोह होतो आणि तो मोह निराधार नाही. धार जिल्ह्यातल्या बाघ लेण्यांत, चौथ्या लेणीच्या भित्तिचित्रांत, मधल्या नर्तकाभोवती फेर धरलेल्या बायकांपैकी काहींच्या हातात छोट्या काठ्या आहेत. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत सट्टकात, म्हणजे इसवी सन ९००च्या सुमारास, 'दंडरास' हा शब्द नाचाच्या वर्णनात येतो. हा राजशेखर आपल्या पणजोबाला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो आणि त्याचा काही काळ जबलपूरजवळच्या त्रिपुरीत, कलचुरींच्या दरबारी गेला. त्रिपुरीहून दक्षिणेला उतरलं की वैनगंगेचं खोरंच लागतं. यावर आक्षेप घेणारा म्हणेल की शब्द सारखा म्हणून कूळ एक ठरत नाही, आणि एका संस्कृत-प्राकृत पंडिताच्या नाटकातून भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचा नाच निघाला असं म्हणणं हास्यास्पद आहे. आक्षेप रास्त आहे. माझं म्हणणं उलट दिशेचं आहे. पंडिताने लिहिलं ते लोक नाचत होते म्हणून. ग्रंथातला शब्द ही लोकांच्या नाचाची नोंद आहे, उगम नाही. आणि जवळचा नातेवाईक शोधायचा तर लेण्यांत जायची गरजही नाही. दक्षिणेला, आदिलाबादच्या डोंगरांत राजगोंडांची 'दंडारी' दिवाळीतच निघते. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात तिथे राहून त्या गोंडांविषयी लिहिलं. त्याच दंडारीतल्या गुसाडी नाचासाठी कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या दंडारीत मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी असतात, काठ्या घेऊन नाचणारे असतात, आणि बायकांची वस्त्रं नेसलेले पुरुषही असतात. त्यांना पोरीक म्हणतात.

हा पोरीक माझ्या मते या कुळकथेतला सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार आहे. तो पैसे घेऊन नाचत नाही. ते त्याचं काम नव्हे, पाळणूक आहे. दिवाळी संपली की वस्त्रं उतरतात. म्हणजे लुगडं नेसून नाचणाऱ्या पुरुषाची जागा आधीपासून होती, पगार नंतर आला. नाच्याची भूमिका जुनी, नाच्याचा धंदा नवा. हे दोन्ही एकच समजल्यामुळे नाच्याबद्दलचं बरंचसं बोलणं भरकटतं.

भंडारा ज्यात येतो त्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडारीचे अभ्यासक तिचे तीन प्रकार सांगतात: खडी दंडार, बैठी दंडार आणि परसंगी दंडार. झाडीबोलीचा शब्दकोश करणारे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी खडी गंमत, राधा, डाहाका, भिंगीसोंग अशा या भागातल्या कलाप्रकारांकडे लक्ष वेधलं नसतं तर ही नावंसुद्धा बाहेरच्यांना कळली नसती. या नावांत 'खडी' हा शब्द दोनदा येतो, आणि त्याच्यावर थांबायला हवं. खडी म्हणजे उभी. वादक बसत नाही. ढोलकी गळ्यात किंवा कमरेला, हातात टाळ, डफ, तुणतुणं, चोनका, आणि सगळे उभे, नाचणाऱ्याच्या पाठीशी. पूर्वेला रेल्वेने गोंदियाच्या पुढे राजनांदगावकडे गेलं की हाच शब्द पुन्हा भेटतो. छत्तीसगडच्या 'नाचा'चं जुनं रूप 'खडे साज' म्हणून ओळखलं जातं: मशालीच्या उजेडात, साज कमरेला बांधून, उभ्याने. तिथेही बायकांची कामं पुरुष करतात आणि त्यांना 'परी' म्हणतात. रवेली गावच्या दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस नाचाची बांधीव मंडळी उभी केली, पेटी आणली, आणि वादक हळूहळू बसले. भंडाऱ्याच्या बाजूला ते उभेच राहिले. १ मे १९९९पर्यंत गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होतं, हे लक्षात घेतलं तर खडी गंमत आणि खडे साज हे दोन राज्यांत विभागलेलं एकच घराणं वाटू लागतं.

उभं राहण्याचा नाचावर काय परिणाम होतो? सगळाच. बसलेला वादक एका जागी असतो, म्हणून नर्तक त्याच्यापुढे नाचतो आणि तोंड प्रेक्षकांकडे ठेवतो. उभा वादक चालतो. नाच्या चार पावलं मागे सरला तर ढोलक्या चार पावलं पुढे येतो, गाणारे वळतात, सगळा ताफा माणसांच्या कड्यात भोवऱ्यासारखा फिरत राहतो. प्रेक्षक चारी बाजूंनी असल्यामुळे नाच्याला पाठ नाही. ज्यांना तो पाठ दाखवतो तेही त्याचे प्रेक्षकच असतात. म्हणून फेर, म्हणून गिरकी, म्हणून खांदा आणि कंबर यांचं बोलणं, जे मागूनही वाचता येतं. बॅलेत नेमकं उलटं घडलं. सुरुवातीचे दरबारी खेळ मोठ्या दालनात व्हायचे, तीन बाजूंच्या सज्ज्यांतून लोक बघायचे, आणि नाचाची शोभा जमिनीवर रेखलेल्या आकृत्यांत असायची. पुढे खेळ चौकटीच्या रंगमंचावर गेला, प्रेक्षक समोर आला, आणि मांडीपासून पाऊल बाहेर वळवायची सवय वाढत वाढत बॅलेचं मुख्य व्याकरण झाली, कारण बाहेर वळलेला पाय समोरून पुरता दिसतो. प्रेक्षक कुठे बसतो यावरून नर्तकाच्या खुब्याचा सांधा कसा घडवायचा ते ठरलं. नाच्याच्या अंगाची घडणही अशीच त्याच्या प्रेक्षकाने ठरवलेली आहे. त्याला 'अडाणी नाच' म्हणणारा माणूस चौकटीच्या रंगमंचाचं माप कड्यातल्या नाचाला लावत असतो.

याचा पुरावा नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांच्या अनुभवात आहे. लंडनच्या नाट्यशाळेत शिकून आलेल्या तन्वीरांनी छत्तीसगडच्या नाचाचे कलावंत आपल्या नाटकांत घेतले तेव्हा सुरुवातीला त्यांनी या कलावंतांना आपण शिकलो तशा सूचना दिल्या: इथून तिरके तिथे जा, इकडे तोंड करा. कलावंत अडखळले. चूक आपल्या पद्धतीत आहे हे ओळखायला काही वर्षं गेली, असं त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं. कड्यातल्या प्रेक्षकाला प्रतिसाद देत घडलेल्या माणसाला मंचाची डावी-उजवी बाजू शिकवणं म्हणजे त्याची विद्या काढून घेणं होतं. त्यांनी पद्धत बदलली आणि १९७५चं 'चरणदास चोर' उभं राहिलं. शिक्षण नसलेली माणसं आणि वेगळं शिक्षण झालेली माणसं यांतला फरक त्यातून दिसतो.

मग नाच्याचं शिक्षण होतं कसं? त्याच्यासाठी मराठीत एक फार सुंदर शब्द आहे, तालीम. अरबीत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीने तो दोन ठिकाणी लावला: पैलवानाच्या आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला. एकाच शब्दात अंग कमावणं आणि कला बसवणं, दोन्ही. बॅलेच्या नर्तकाचा दिवस आजही तसाच सुरू होतो. तो कितीही नामांकित असला तरी रोज सकाळी दांडा धरून विद्यार्थ्याबरोबरचाच प्राथमिक सराव करतो. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीत दहाएक वर्षांचं मूल घेतात आणि आठ वर्षं घडवतात. नाच्याच्या तालमीला इमारत नाही, पण वेळापत्रक आहे, आणि ते धानाने आखलेलं आहे. रोवणी आटोपल्यापासून कापणीपर्यंतची सवड ही तालमीची. कापणीपासून पुढे होळीच्या आसपासपर्यंत खेळ. उन्हाळ्यात मजुरी, पावसाळ्यात चिखल. पोरगं आधी झिलीत, म्हणजे मागे साथ देणाऱ्या गायकांत, उभं राहतं, ओळ उचलायला शिकतं, म्हणजे ताल कानात बसतो. मग चाळ. चाळ बांधून नाचणं सोपं असतं. चाळ बांधून न वाजवता चालणं अवघड, आणि ढोलकीच्या नेमक्या मात्रेवरच वाजवणं त्याहून अवघड. मग लुगडं: नऊवारी अशी नेसायची की मांडीला मोकळीक राहील आणि रात्रभर सुटणार नाही. मग गणानंतरची गौळण, तिच्यातली राधा, तिची चाल, मुरका, पदराची ओढ. मग हजरजबाब, कारण बतावणीत सोंगाड्या काय विचारील याचा नेम नसतो. आणि सगळ्यात शेवटी येणारी गोष्ट, दम. दोन पार्ट्यांचा सामना लागला आणि सवाल-जवाब रंगले की खेळ पहाटेपर्यंत जातो. गायकाला मध्ये दुसरा गायक सोडवतो, पण नाच्याच्या पायांना सोडवणारं सहसा कोणी नसतं.

याला प्रशिक्षण म्हणायचं का, असा आक्षेप येतो, कारण अभ्यासक्रम लिहिलेला नाही, परीक्षा नाही, चालींना नावं नाहीत. बॅलेच्या चालींना फ्रेंच नावं आहेत म्हणूनच तो मॉस्कोत शिकलेल्या माणसाला हवानात नाचता येतो, हे खरं. नावं दिली की विद्या प्रवास करते. पण नावं नसली म्हणून विद्या नसते असं होत नाही. ती एका गुरूच्या अंगणापलीकडे सहज जात नाही, एवढंच होतं. हा नाच्याच्या परंपरेचा खरा दुबळेपणा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात तिचं भलं नाही. एक पिढी शिकवायची राहिली की पाय मुके होतात. परीक्षेचं मात्र वेगळं आहे. दंडारीत स्वतः नाचलेला म्हातारा पुढच्या रांगेत बसलेला असतो आणि चुकलेली मात्रा त्याच्या कपाळावरच्या आठीत लगेच दिसते. याहून कडक परीक्षक पॅरिसच्या शाळेतही नसेल.

दंडारीतून खडी गंमतीकडे येताना धनी थांबायला लागतो. खडी गंमत, किंवा पोस्टरवर लिहितात तसा 'खडा तमाशा', ही शाहिराची पार्टी असते. तिला बोलावतात, तिचे पैसे ठरतात. गाव आता कड्यात बसलेलं असतं, आत उभे असतात दुसऱ्या गावचे. याच टप्प्यावर नाच्या हा शब्द भूमिकेपेक्षा धंद्याचं नाव होतो, आणि याच टप्प्यावर त्याच्यात हिणवणी शिरते असं मला वाटतं. घरचा मुलगा मंडईत लुगडं नेसून नाचला तर गाव कौतुकाने हसतं. पैसे घेऊन नाचला की तोच नाच हलका ठरतो. फ्रान्समध्ये उमरावांनी मंच सोडला तेव्हा हेच झालं. काल जे राजाला शोभत होतं ते आज नोकरदाराचं काम झालं.

खडी गंमत ही पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशाची उशिरा पोचलेली, उतरती आवृत्ती आहे, असंही म्हटलं जातं. गण, गौळण, बतावणी हा क्रम दोन्हीकडे आहे, कलगी-तुऱ्याचं भांडण दोन्हीकडे आहे, आणि नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मराठी शाहिरी इकडे रुजली असणार हे कोणी नाकारू नये. पण नाच्या त्या वाटेने आला असं मानायला आधार नाही. तमाशातही आधी नाच्या पोऱ्याच होता. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या काळापासून तिथे बाई पुढे आली आणि पोऱ्या मागे सरला. भंडाऱ्यात तो राहिला. इथे त्याच्या शेजारी गोंडांचा पोरीक होता, छत्तीसगडची परी होती, राधेचं सोंग होतं. शाहिरीने त्याला गाणं दिलं असेल. लुगडं त्याच्याकडे आधीच होतं.

बायकांना नाचायची बंदी म्हणून पुरुष नाचले, हे सोपं उत्तर इथे अपुरं पडतं. बॅलेला ते बऱ्याच अंशी लागू आहे. पॅरिसच्या ऑपेरात पोटासाठी नाचणारी पहिली बाई १६८१ साली मंचावर आली. तोवर त्या मंचावर परी आणि देवी मुखवटे घातलेले पुरुषच होते. दीडशे वर्षांत पारडं असं फिरलं की १८३२मध्ये मारी तालिओनी 'ला सिल्फीद'मध्ये अंगठ्याच्या टोकावर उभी राहिली आणि बॅले म्हणजे बाईचीच कला असं जग मानू लागलं. म्हणजे कोणती कला कोणत्या देहाची हे कायमचं ठरलेलं नसतं. पण भंडाऱ्यातला लुगडं नेसलेला पुरुष नुसता बाईची रिकामी जागा भरत नव्हता. सगळ्यांना माहीत असतं की हा अमक्याचा पोरगा. तरी गौळण सुरू झाली की ती राधा असते. ही दोन्ही माहिती एकाच वेळी डोक्यात असणं हाच त्या नाचाचा आनंद आहे. खरी बाई आणली की तो आनंद बदलतो; कमी होतो असं मी म्हणत नाही, दुसरा होतो.

परसंगी दंडारीतून झाडीपट्टीचं नाटक वाढलं आणि धनी आणखी लांब गेला. लाखांदूरच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावात आज नाटक कंपन्यांची कार्यालयं रांगेने आहेत. दिवाळीपासून हंगाम लागतो, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक असा गावोगावचा बेत असतो. या रंगभूमीचं मोठेपण परशुराम खुणे यांना २०२३ साली मिळालेल्या पद्मश्रीने बाहेरही पोचलं. पण नाचाच्या बाजूने पाहिलं तर इथे कडं फुटलं. मंच आला, प्रेक्षक एका बाजूला गेला, वादक बसले, आणि नाचणारी लावणीपुरती येऊ लागली, रात्रीच्या करारावर. रोज वेगळं नाटक करणाऱ्या नटाला प्रॉम्प्टर तारून नेतो. नर्तिकेच्या पायांना प्रॉम्प्टर नसतो. ती शिकून आलेली असावी लागते, किंवा मग न शिकताही चालेल असं प्रेक्षकानेच ठरवावं लागतं. गेल्या काही वर्षांत मंडईत 'डान्स हंगामा' नावाचे कार्यक्रम आले आणि त्यांतल्या काहींवरून ओरड झाली. ओरड मुलींच्या कपड्यांवर होते. मला दोष त्याआधीच्या एका गोष्टीत दिसतो: समोर बसलेल्यांपैकी कोणीच आता फेरात नाचलेलं नाही, त्यामुळे चुकलेली मात्रा कोणाला खटकत नाही, आणि नाच पारखता येत नाही तिथे फक्त नाचणारी बघितली जाते. पॅरिसही यातून गेलं आहे. १८३१मध्ये ऑपेराचा संचालक झालेल्या वेराँने नर्तकींच्या सरावाची खोली श्रीमंत वर्गणीदारांना खुली केली. फ्रेंच चित्रकार देगाने मेणात घडवून १८८१ साली मांडलेली चौदा वर्षांची नर्तकी त्याच ऑपेराच्या शाळेत शिकत होती. तिची आई धोबीण होती. त्या मूर्तीसमोर आज जग उभं राहतं. त्या मुलीला बदनामीच मिळाली. तेव्हा भंडाऱ्याच्या मंडईतल्या मुलींना नावं ठेवताना, बॅलेच्या पोटातही हेच दुखणं होतं आणि शाळा, पगार, निवृत्ती यांच्या जोरावर ते कमी झालं, हे ध्यानात ठेवावं.

बॅलेशी तुलना करून नाच्याला उसना मोठेपणा देण्याचा हा खटाटोप आहे, असं कोणी म्हणेल. उसनवारी झालीच आहे, पण उलट बाजूने. १९२३ साली लंडनमध्ये आना पावलोवा राधा झाली आणि तरुण उदय शंकर कृष्ण. त्या जोडीपासून हिंदुस्थानी 'बॅले'ची वाट निघाली, पुढे १९५२मध्ये मुंबईत शांती बर्धन यांची लिट्ल बॅले ट्रूप उभी राहिली. जगातली सगळ्यात नावाजलेली बॅले नर्तकी ज्या राधेसाठी हिंदुस्थानी तरुणाकडे शिकली, ती राधा झाडीपट्टीत पोरं पिढ्यान्‌पिढ्या नाचत होती. तुलना करायची ती मोठेपणासाठी नाही. बॅलेने आपल्या नर्तकाचं काय केलं ते पाहून आपण आपल्याचं काय करायचं हे ठरवता यावं म्हणून.

आणि तिथे सगळ्यात उपयोगी तारीख १६९८ ही आहे. त्या वर्षी लुईने ऑपेराच्या कलावंतांसाठी निवृत्तिवेतनाची सोय केली. स्वतः नाचलेल्या राजाला गुडघा किती दिवस साथ देतो हे माहीत होतं. पॅरिस ऑपेराचा नर्तक आजही ४२व्या वर्षी निवृत्त होतो, आणि सरकारने ती व्यवस्था मोडायचं म्हटलं तेव्हा २४ डिसेंबर २०१९ला तिथल्या नर्तकींनी थंडीत, ऑपेराच्या पायऱ्यांवर 'स्वान लेक'चा भाग नाचून विरोध केला. महाराष्ट्रात वयोवृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, २०२४पासून महिना ५,००० रुपये मिळतात. वयाची अट पन्नास. ही अट कवीला आणि शाहिराला ठीक आहे. शाहिराचा गळा पन्नाशीत पिकतो. नाच्याचे पाय त्याच्या कितीतरी आधी जातात. मग तो झिलीत मागे उभा राहतो, ढोलकी घेतो, नाहीतर बारा महिने दुसऱ्याच्या बांधीत राबतो. पॅरिसने बेचाळीस हा आकडा कागदावरून काढला नाही, शरीरावरून काढला. भंडाऱ्याच्या नाच्यासाठी तो आकडा शरीरावरूनच काढावा लागेल, आणि त्यासाठी अर्जात जन्मतारखेशेजारी आणखी दोन रकाने हवेत: चाळ कोणत्या वर्षी बांधली, आणि कोणत्या वर्षी सोडली.